भोर-वेल्ह्याचा कातळ आणि भू-वारसा उद्यानाची उभारणी

भू-वारसा उद्यान, म्हणजे जगभर ज्याला जिओपार्क म्हणतात ते, कुंपण घातलेले उद्यान नसते. त्यात गावे, शेते, रस्ते आणि आठवडी बाजारही असतात. पृथ्वीच्या इतिहासाची साक्ष देणारे खडक आणि भूरूपे एखाद्या सलग प्रदेशात एकवटलेली असतील, तर तिथल्या लोकांनीच ती राखायची, विद्यार्थ्यांना आणि पाहुण्यांना समजावून सांगायची आणि त्यातून गावात चार पैसे येतील अशी व्यवस्था लावायची, ही त्यामागची कल्पना आहे. २००० साली फ्रान्स, जर्मनी, स्पेन आणि ग्रीस या देशांतील चार प्रदेशांनी एकत्र येऊन युरोपीय जिओपार्कांचे जाळे उभे केले. २००४ मध्ये ते जागतिक झाले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये युनेस्कोने ‘ग्लोबल जिओपार्क’ हा अधिकृत दर्जा निर्माण केला. एप्रिल २०२५ मध्ये ५० देशांत असे २२९ जिओपार्क होते. भारताचा त्यात एकही नव्हता.

भूवारशाची भारतात वाण आहे असे मुळीच नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशातील तीसहून अधिक ठिकाणांना राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारकाचा दर्जा दिला असून महाराष्ट्रातील लोणारचे विवर त्यात आहे. पण स्मारक म्हणजे एक ठिकाण. ते राखायला सरकारी खाते आणि एक फलक पुरतो, निदान तशी समजूत असते. जिओपार्कला मात्र अख्खा मुलूख लागतो आणि तिथे राहणाऱ्यांची संमती लागते. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याचाही भर ठिकाणे संरक्षित करण्यावरच होता.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके या बाबतीत मोक्याच्या जागी आहेत. वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. बोलण्यात अजून दोन्ही नावे चालतात. याच तालुक्यातील राजगड किल्ला जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडच्या पाचगणी-महाबळेश्वरच्या लाव्हा थरांचा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. एका बाजूला इतिहासासाठी मान्यता पावलेला गड आणि दुसऱ्या बाजूला खडकांसाठी मान्यतेच्या वाटेवर असलेले पठार. मधल्या मुलखात दोन्ही गोष्टी एकाच डोंगरावर आहेत, फक्त त्या एकत्र सांगितल्या जात नाहीत. गडावर येणारी गर्दी तयारच आहे. तिला पायाखालचा कातळ दाखवणारी व्यवस्था नाही, आणि काम करायचे आहे ते इथेच.

कातळ वाचावा कसा

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारतीय भूखंड आज रियुनियन बेट जिथे आहे त्या तप्त केंद्रावरून सरकत असताना, जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. त्यामुळे सह्याद्रीत शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी शोधू नये. पातळ लाव्हा दूरवर पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा लोट आला. झीज होऊन उरलेला या बेसाल्ट खडकाचा विस्तारच आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. भोर-वेल्ह्याच्या उंच डोंगरांतले थर भूवैज्ञानिक ज्याला वाई उपगट म्हणतात त्यात मोडतात. पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही त्यातल्या शैलसमूहांची नावे याच परिसरातून घेतलेली आहेत. १९८०च्या दशकात खडकांच्या रासायनिक घडणीवरून ही विभागणी ठरवताना ज्या घाटरस्त्यांवर नमुने गोळा झाले त्यांत भोर-महाड रस्त्यावरचा वरंध घाट होता. जगातल्या भूविज्ञानाच्या नियतकालिकांत हे नाव कधीच पोहोचले आहे. भोरच्या एसटी स्थानकावर मात्र त्याचा मागमूस नाही.

या लाव्हाचे महत्त्व केवळ आकारामुळे नाही. त्याचा मोठा भाग ज्या काळात वाहिला, त्याच काळात डायनासोरांसह असंख्य जीवजाती नष्ट झाल्या. मेक्सिकोतील चिक्शुलूब इथे आदळलेला अशनी आणि दख्खनचा लाव्हा यांतला कोणाचा वाटा किती, हा वाद अजून चालू आहे. जिओपार्कसाठी ‘आंतरराष्ट्रीय महत्त्वाची भूसंपदा’ ही पहिली अट असते. भोर-वेल्ह्याला ती सिद्ध करण्यासाठी फार धावाधाव करावी लागणार नाही.

प्रत्यक्ष डोंगरात लाव्हाचा एक थर ओळखायचा, तर त्याचे तीन भाग डोळ्यांना सवयीचे करून घ्यावे लागतात. तळाशी वाफ वर निसटताना झालेली नळीसारखी छिद्रे, मधला घट्ट काळा भाग आणि वरचा बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग. या बुडबुड्यांत नंतर पांढरी, कधी हिरवट खनिजे भरली. झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी ही त्यातली नेहमी दिसणारी. मधला घट्ट भाग सहज झिजत नाही, तो उभा राहतो आणि त्याचा कडा होतो. वरचा सच्छिद्र भाग लवकर मुरतो, मागे हटतो आणि तिथे सपाटी तयार होते. सह्याद्रीचा पायऱ्यापायऱ्यांचा उतार असा घडला. गड बांधणाऱ्यांनी नेमके हेच वापरले: कडा म्हणजे फुकटचा तट आणि सपाटी म्हणजे माची. राजगडाचे दुर्गस्थापत्य समजून घेताना खालच्या कातळाविषयी एक वाक्यही न बोलणे म्हणजे अर्धाच गड दाखवणे.

काही घट्ट थरांत उभे खांब दिसतात. सुकत्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा भेगा थिजत्या लाव्हाला पडल्या, त्या खोल गेल्या आणि खडकाचे बहुधा पाच-सहा बाजूंचे स्तंभ झाले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूच्या रंगाचा लाल पट्टा असतो. एक लोट थिजल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, तेवढ्यात वरचा भाग कुजून माती होऊ लागली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली, असा त्याचा साधा अर्थ आहे. पाण्याच्या दृष्टीने हा पट्टा फार कामाचा. वरच्या खडकाच्या भेगांतून मुरलेले पाणी अशा चिकण थरावर अडते आणि आडवे वाहत डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून एकाच उंचीवर ओळीने झरे सापडतात आणि त्यांच्याजवळ देवराई, वाडी किंवा गडावरचे खोदीव टाके असते. या दोन तालुक्यांतल्या देवरायांचा अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेला आहे. त्यांच्याशेजारच्या झऱ्यांचा खडकाशी असलेला संबंध मात्र गावकऱ्यांना जास्त माहीत असतो.

कुठे काय पाहावे

राजगडावर तीन बाजूंनी वाटा जातात: वेल्ह्याकडून गुंजवणे आणि पाली, भोरकडून भुतोंडे. कोणत्याही वाटेने चढताना किती कडे आणि किती सपाट्या ओलांडल्या हे मोजत जावे, म्हणजे थरांचा हिशेब आपोआप लागतो. सुवेळा माचीवरचे नेढे हे गडावरचे सर्वांत बोलके भूरूप आहे. कातळातल्या भेगा वाऱ्यापावसाने रुंदावत गेल्या आणि अरुंद भिंत आरपार झाली. तिथे बसून छायाचित्र काढण्याची हौस मोठी असली, तरी कड्यांना आग्या मोहळे असतात हे विसरून चालत नाही. धूर, अत्तराचा उग्र वास आणि आरडाओरडा तिथे टाळावा.

तोरणा १,४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला. बुधला माचीचा सुटा सुळका हा झिजून गेलेल्या थराचा उरलेला तुकडा आहे. पण तोरण्यावर पाहण्याजोगी खरी गोष्ट समोर असते. स्वच्छ हवेत राजगडाच्या अंगावरचे आडवे पट्टे दिसतात आणि तोरण्याच्या पट्ट्यांशी ते उंचीने बरेचसे जुळतात. हे थर एके काळी सलग होते. मधली खोरी कानंदी, गुंजवणी आणि त्यांच्या ओढ्यांनी नंतर कोरली. दोन गडांमधली पोकळी हीच नदीच्या कामाची मोजपट्टी आहे. विद्यार्थ्यांना झीज म्हणजे काय ते सांगायला याहून चांगली जागा जिल्ह्यात क्वचितच मिळेल.

केळद गावाजवळचा मढे घाट पश्चिम घाटाच्या कड्याचे रूप दाखवतो. पठार संपते आणि जमीन एकदम कोकणात कोसळते. घाटमाथ्यावर पूर्वेला पडलेले पाणी नीरा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाते, पश्चिमेचे सावित्रीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला. एकाच शिवारातले दोन ओढे दोन समुद्रांकडे निघतात. लक्ष्मी धबधबा पाहायला पावसाळ्यात झुंबड उडते. कड्याची रचना पाहायची असेल तर ऑक्टोबरनंतर यावे: तेव्हा पाणी कमी असते, धुके नसते आणि थर स्पष्ट दिसतात.

भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट हा या मुलखाचा उघडा छेद आहे. रस्ता खोदताना थर कापले गेले, त्यामुळे लाल पट्टे, सच्छिद्र माथे आणि घट्ट गाभे रस्त्याच्या कडेलाच दिसतात. वाघजाई मंदिराजवळ बहुतेक गाड्या भज्यांसाठी थांबतातच. त्याच थांब्यावर समोरच्या कड्यातले थर मोजता येतात. वळणावर गाडी उभी करून खडक पाहू नये, हे वेगळे सांगायला नको. घाटाखाली महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. हाच मुरलेला खडक, हीच पाण्याने जड होणारी माती. भूवारशाची माहिती देताना दरडीचा विषय टाळणे बेजबाबदारपणाचे ठरेल, मग त्याने पर्यटकाचा मूड जाईना का.

दक्षिणेला सुमारे १,३७० मीटर उंचीवर रायरेश्वराचे पठार आहे. स्वराज्याच्या शपथेच्या परंपरेमुळे ते सर्वांना ठाऊक असते. वर जंगम कुटुंबांची वस्ती आहे, म्हणजे हे रिकामे पठार नव्हे, नांदते आहे. पठारावर सात रंगांच्या मातीची म्हणून एक जागा दाखवतात. बेसाल्ट कुजताना त्यातले लोह कुठे किती गंजले, किती वाहून गेले, यावर पिवळ्या, तांबड्या, जांभळट छटा ठरतात. येणारा प्रत्येक जण मूठभर माती पुडीत बांधून नेतो, आणि जागा लहान आहे. तिथे तातडीने काही करायचे असेल तर मोठा फलक नको. दोरीची साधी आडकाठी आणि सुट्टीच्या दिवशी एक राखणदार पुरे. शेजारच्या केंजळगडाच्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या घट्ट गाभ्याचा ताजा छेद दाखवतात.

डोंगर चढू न शकणाऱ्यांसाठी सोपी ठिकाणेही आहेत. भोरच्या वाटेवरचा नेकलेस पॉइंट म्हणजे नीरेने घेतलेले जवळजवळ पूर्ण वळण, रस्त्यावरून दिसणारे. नसरापूरजवळ बनेश्वरला शिवगंगा कातळावरून उड्या घेत उतरते. आणि १९२८ मध्ये पूर्ण झालेले भाटघरचे धरण दगडी बांधकाम म्हणून पाहण्यासारखे आहे: डोंगरातलाच काळा दगड माणसाने रचला तर काय होते ते तिथे कळते.

नोंद, सीमा आणि संमती

कामाची सुरुवात नोंदीने करावी. दोन्ही तालुक्यांत मिळून आरंभी पंधरा-वीसपेक्षा जास्त ठिकाणे घेऊ नयेत. शंभर ठिकाणांच्या याद्या कपाटात राहतात. प्रत्येक ठिकाणासाठी एक पान पुरते: गाव आणि शिवार, गट क्रमांक, मालकी कोणाची, खडकात काय दिसते, लोक त्याला काय म्हणतात, त्याच्याशी कोणती कथा किंवा जत्रा जोडलेली आहे, धोका कशाचा आणि वर्षातून कधी पाहता येते. त्याच जागेवरून, त्याच कोनातून दरवर्षी एक छायाचित्र काढून ठेवावे. पाच वर्षांनी हीच छायाचित्रे झीज, खोदकाम आणि कचरा यांचा सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरतात. शास्त्रीय बाजू तपासून घेण्यासाठी भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे कार्यालय आणि विद्यापीठ-महाविद्यालयांचे भूशास्त्र विभाग पुण्यातच आहेत. झऱ्यांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. पुण्यापासून तास-दोन तासांवरच्या मुलखाला तज्ज्ञ मिळत नाहीत ही सबब टिकणारी नाही.

सीमा ठरवताना नकाशावर नवी रेघ ओढण्याची गरज नाही. बारा मावळांपैकी हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरे, कानद खोरे, वेळवंड खोरे आणि मोसे खोरे याच परिसरात आहेत, आणि ही विभागणी मुळात खोऱ्यांचीच आहे. एकेका खोऱ्याला एकेक विभाग मानले, तर लोकांना तो आपला वाटतो आणि भूरूपांच्या दृष्टीनेही तो सुसंगत ठरतो.

जमिनीची मालकी मात्र गुंतागुंतीची आहे. राजगड आणि तोरणा राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत; तिथे साधा फलक रोवायलाही परवानगी लागते, आणि राजगडाच्या बाबतीत जागतिक वारशाचे निकषही आता लागू आहेत. उतारांचा मोठा भाग वनविभागाकडे, जलाशयांचे काठ जलसंपदा विभागाकडे, घाटरस्ते बांधकाम आणि महामार्ग यंत्रणांकडे आणि बाकीची शेते खाजगी. म्हणून सुरुवातीलाच प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर एक समन्वय बैठक आणि प्रत्येक गावात ग्रामसभेचा ठराव, हा क्रम ठेवावा. उलट केले की ठराव केवळ सही घेण्यापुरते उरतात.

ग्रामसभेत पहिला प्रश्न एकच येतो: आमच्या जमिनीवर बंधने येणार का? तो रास्तच आहे. पश्चिम घाटाविषयीचा गाडगीळ समितीचा २०११चा आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३चा अहवाल, त्यानंतरच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना, यांनी घाटमाथ्यावरच्या गावांत बराच संशय पेरला आहे. उत्तर सरळ द्यावे. जिओपार्कचा दर्जा हा कायदा नाही आणि त्यामुळे कोणतेही नवे बंधन आपोआप लागू होत नाही. मात्र महत्त्वाची भूस्थळे देशातल्या आणि राज्यातल्या अस्तित्वात असलेल्या कायद्यांनी सुरक्षित असली पाहिजेत, अशी युनेस्कोची अट असते. म्हणजे नोंदीतल्या पंधरा-वीस जागा गावाने स्वतःहून बाजूला ठेवायच्या आणि बाकीची शेती, घरे, व्यवसाय चालू ठेवायचे. हे लपवून किंवा गोडगोड सांगून काम सुरू केले तर पहिल्याच वादात ते मोडते.

दगड राखताना

या भागात कातळाला सर्वांत मोठा धोका खाणीचा नाही, डोंगरफोडीचा आहे. फार्महाऊस आणि बंगल्यांसाठी उतार सपाट करणे, पोकलेनने रस्ते काढणे, मुरूम उचलणे, ही कामे लहान लहान असतात आणि म्हणून नजरेत येत नाहीत. गौण खनिज उत्खननाला महसूल खात्याची परवानगी लागते. ग्रामपंचायतीकडे भूस्थळांची यादी गट क्रमांकांसह असेल तर परवानगी देतानाच हरकत नोंदवता येते. काम सुरू झाल्यावर केलेल्या तक्रारीने तुटलेला कडा परत येत नाही. उताराच्या पायथ्याशी कापणी केली की वरचा भार सुटतो, त्यामुळे इथे जतनाचे आणि दरडीपासून बचावाचे काम एकच होऊन जाते.

रस्ता रुंद करताना जुने छेद नाहीसे होतात हे खरे, पण नवेही उघडतात. वरंधसारख्या घाटात काम चालू असताना भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना छेदाची नोंद घेऊ द्यावी, आणि भिंतीचे अस्तर लावताना एखादा सुरक्षित टप्पा उघडा ठेवता येईल का याचा विचार अभियंत्यांनी करावा. सगळा कडा सिमेंटखाली घालण्याची गरज नसते.

वाटा दाखवण्यासाठी कातळावर ऑइलपेंटचे बाण काढण्याची पद्धत आता थांबवावी. रचलेल्या दगडांची खूण किंवा लाकडी पाटी पुरते. नमुना म्हणून दगड फोडणे, गारगोट्या आणि झिओलाइट उपसणे पूर्णपणे बंद ठेवावे; अभ्यासासाठी हवाच असेल तर पायथ्याशी गळून पडलेला तुकडा घ्यावा, तोही विचारून. युनेस्कोच्या नियमानुसार जिओपार्क चालवणाऱ्या संस्थेला खनिजे किंवा जीवाश्म विकता येत नाहीत. पुणे परिसराची खनिजे जगभरच्या संग्रहांत आहेत; वाघोलीच्या खाणीतले निळे कॅव्हनसाइट त्यात विशेष प्रसिद्ध. म्हणून या नियमाचा अर्थ इथे गंभीर आहे. एकदा स्फटिकांचे दुकान लागले की छिन्नी आणि हातोडा रात्री डोंगरावर जातो. विकायला इंद्रायणी तांदूळ, नाचणी, मध आणि बांबूच्या वस्तू आहेतच.

शाळा आणि वाटाडे

दख्खनचे पठार बेसाल्टचे आहे हे वाक्य या तालुक्यांतील प्रत्येक मूल परीक्षेत लिहिते, आणि शाळेच्या भिंतीत तोच बेसाल्ट असतो हे बहुधा कुणी दाखवत नाही. शालेय उपक्रमाला त्यासाठी निधी लागत नाही. शाळेच्या आवारातला दगड, गावची विहीर, ओढ्याचा काठ आणि जवळचा कडा अशी चार ठिकाणे, आणि प्रत्येक ठिकाणी मुलांनी काढलेले एक चित्र. विहीर विशेष उपयोगी असते, कारण तिच्या कडेने थर आत उतरताना दिसतात. अर्थात कठडा असलेलीच निवडावी. मे महिन्यात पाणी कोणत्या थरापर्यंत खाली गेले ही नोंद सातवी-आठवीच्या मुलांनी ठेवली, तर ती पुढे पाणीपुरवठा समितीलाही कामी येते.

वाटाड्यांचे प्रशिक्षण हा या सगळ्या उभारणीचा कणा आहे, आणि इथेच सर्वांत जास्त घाई होते. गडाचा इतिहास सांगणारे तरुण गावागावांत आहेत. त्यांना भूशास्त्राची पाठ केलेली व्याख्याने नकोत. समोरच्या कड्यातला थर दाखवता आला पाहिजे आणि माहीत नसेल ते माहीत नाही म्हणता आले पाहिजे. कातळ, नेढे, घळ, नाळ, सोंड, दांड, खिंड, सडा या डोंगरातल्या शब्दांनीच बरेचसे भूशास्त्र सांगून होते. उरलेल्यासाठी बेसाल्ट, लाव्हा, झिओलाइट हे शब्द आता मराठीच आहेत. धनगर आणि महादेव कोळी वाड्यांतील जाणत्यांना झरे, दरडी आणि जुन्या घाटवाटा जितक्या माहीत असतात तितक्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत, म्हणून प्रशिक्षण देणाऱ्यांच्या बाजूलाही त्यांना बसवावे, मानधनासह. प्रथमोपचार आणि दोराचा वापर या दोन गोष्टी मात्र प्रत्येक वाटाड्याला सक्तीच्या असाव्यात.

पाहुणे किती आणि कधी

शनिवार-रविवारी राजगडावर आणि पावसाळ्यात मढे घाटात होणारी गर्दी ही या तालुक्यांची पर्यटनातली मुख्य अडचण आहे. पर्यटक नसणे ही नव्हे. त्यामुळे नवी जाहिरात करण्याआधी असलेली गर्दी वेळेत आणि जागेत विभागणे जास्त शहाणपणाचे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या संख्येवर मर्यादा, आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेशशुल्क असते, आणि परिसरातील गावांच्या समित्या त्यात सहभागी असतात. व्यवस्था निर्दोष आहे असे नाही, पण गावांनी शुल्क गोळा करून रखवाली करणे शक्य आहे हे तिने दाखवले आहे. गुंजवणे, पाली आणि केळद इथे वाहनतळापासून तिची सुरुवात करता येते. गाड्यांची संख्या आवरली की माणसांची आपोआप आवरते.

अतिवृष्टीच्या काळात जिल्हा प्रशासन धबधबे आणि घाटांवर मनाई आदेश काढते आणि वरंध घाटातली वाहतूकही बंद ठेवली जाते. भूसहलींचे वेळापत्रक हे गृहीत धरूनच आखावे: जुलै-ऑगस्ट बंद, ऑक्टोबर ते फेब्रुवारी मुख्य हंगाम, मार्चनंतर फक्त सकाळच्या फेऱ्या. पावसाळ्याचे उत्पन्न बुडेल अशी ओरड होईल. पण त्या दिवसांत भातलावणी असते आणि घरातली माणसे शेतात हवी असतात. राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करून एखाद-दुसऱ्या कुटुंबाला लावणी दाखवण्यापुरते पाहुणे घेता येतात.

घरगुती निवासाची सोय करताना खोल्यांच्या आधी पाणी आणि शौचालय पाहावे. डोंगरावरच्या वाडीत एप्रिलमध्ये झरा आटतो. तेव्हा पाहुण्यांसाठी टँकर मागवावा लागत असेल तर त्या महिन्यात निवास बंद ठेवणेच बरे. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा झऱ्याच्या पाणलोटाच्या कामाला द्यावा, आणि तो किती हे ग्रामसभेत आधीच लिहून ठेवावे. प्लॅस्टिक वर नेऊ न देण्यापेक्षा नेलेली प्रत्येक बाटली मोजून अनामत घेणे जास्त परिणामकारक ठरते.

फलक थोडे आणि लहान असावेत. एका फलकावर एकच प्रश्न आणि त्याचे उत्तर, मराठीत आधी आणि मोठ्या अक्षरात. कड्याच्या तोंडाशी, छायाचित्राच्या मधोमध येणारा पत्र्याचा फलक हा स्वतःच भूदृश्याचे नुकसान असतो.

दर्जासाठी अर्ज

युनेस्कोचा दर्जा हे सुरुवातीचे उद्दिष्ट ठेवू नये. तो मागण्यापूर्वी संबंधित प्रदेश किमान एक वर्ष प्रत्यक्षात जिओपार्क म्हणून चालत असावा लागतो: ठरलेली सीमा, कायदेशीर मान्यता असलेली व्यवस्थापन संस्था, स्वतःचा अर्थसंकल्प, भूवैज्ञानिक आणि स्थानिक लोकांचा सहभाग, सगळे असूनच. त्यामुळे वर सांगितलेली कामे आधी आणि अर्ज नंतर, असाच क्रम नियमांतूनही निघतो. अर्ज देशाच्या युनेस्को राष्ट्रीय आयोगामार्फत जातो. इच्छापत्र १ जुलैपर्यंत आणि संपूर्ण अर्ज १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळात सादर करायचा असतो. एका देशाचे एका वेळी दोनच अर्ज विचारात घेतले जातात, म्हणजे देशातल्या इतर प्रदेशांशीही स्पर्धा असते. भूसंपदेच्या आंतरराष्ट्रीय महत्त्वाची कागदोपत्री छाननी आंतरराष्ट्रीय भूविज्ञान संघ करतो आणि मग दोन तज्ज्ञ प्रत्यक्ष येऊन पाहणी करतात.

दर्जा मिळाला तरी तो कायमचा नसतो. दर चार वर्षांनी फेरपाहणी होते. काम समाधानकारक असेल तर हिरवे कार्ड आणि पुढची चार वर्षे. त्रुटी असतील तर पिवळे कार्ड आणि सुधारणेसाठी दोन वर्षे. त्यातही सुधारणा झाली नाही तर लाल कार्ड, आणि दर्जा जातो. या पाहणीत नुसता दावा चालत नाही. भूस्थळांच्या वार्षिक नोंदी, ग्रामसभांचे ठराव, शाळांच्या सहलींची आणि वाटाड्यांच्या प्रशिक्षणाची कागदपत्रे, गोळा झालेल्या शुल्काचा आणि त्याच्या खर्चाचा हिशेब मागितला जातो. म्हणून दफ्तर पहिल्या दिवसापासून ठेवावे, आणि ते एखाद्या पुण्यातल्या संस्थेच्या कार्यालयात न ठेवता भोर किंवा वेल्ह्यातच, कुणालाही पाहता येईल असे ठेवावे.